खार्किवचे दोन कॅमेरे (थ्रेड)

१९३३ साली सोव्हिएत युक्रेनची राजधानी कीव्ह नव्हे, खार्किव होती. त्या काळात या शहरात एकाच जातकुळीचे दोन कॅमेरे होते. एक अनाथ मुलांच्या कार्यशाळेत आकार घेत होता आणि त्याला गुप्त पोलिसांच्या संस्थापकाचे नाव मिळणार होते. दुसरा एका परदेशी अभियंत्याजवळ होता आणि त्यातील फिल्म गुप्त पोलिसांच्या हाती लागली असती, तर त्या अभियंत्याची गत काय झाली असती हे सांगायला नको.

दोघांचेही मूळ जर्मनीतील वेट्झलार गावी. तेथील लाइट्झ कारखान्यातील ऑस्कर बार्नाक याने चित्रपटाची ३५ मिमी फिल्म वापरणारा लहान कॅमेरा घडवला. १९२५ च्या लाइप्झिग जत्रेत तो ‘लायका’ या नावाने लोकांसमोर आला. काचेच्या जड तबकड्या आणि तिपाई यांची गरज संपली. एका फिल्मवर ३६ चित्रे आणि यंत्र कोटाच्या खिशात मावणारे!

तरीही एक अडचण उरली होती. वस्तू किती अंतरावर आहे, हे छायाचित्रकाराला अंदाजाने ठरवावे लागे. १९३२ च्या ‘लायका २’ने ती दूर केली. कॅमेऱ्याच्या माथ्यावर थोड्या अंतराने दोन खिडक्या असतात. दोन्हींतून येणारी प्रतिमा एकाच नेत्रिकेत दिसते, पण एकमेकींपासून सरकलेली. लेन्सची कडी फिरवत गेले की दुसरी प्रतिमा पहिलीवर येऊन बसते. ती बसली की लेन्सही अचूक अंतरावर आलेली असते. जमीन मोजणारा भूमापक त्रिकोणाच्या आधाराने अंतर काढतो, तेच तत्त्व येथे तळहाताएवढ्या यंत्रात उतरले.

आजच्या हातांना हे यंत्र हट्टी वाटेल. मागचे झाकण उघडतच नाही. फिल्म तळाकडून सरकवावी लागते आणि त्यासाठी तिचे टोक आधी कात्रीने लांबट निमुळते कापावे लागते. शटरची गती फिल्म पुढे गुंडाळल्यानंतरच लावायची. लेन्स आत दाबून ठेवता येते, पण चित्र घेण्यापूर्वी ती बाहेर ओढून फिरवून पक्की करण्याचे विसरले, तर सारी फिल्म धूसर निघते. अंतर एका खिडकीतून पाहायचे, चौकट दुसरीतून. प्रकाशमापक नाहीच, उन्हाचा अंदाज हाच आधार. मात्र कापडी शटरचा आवाज अगदी हलका. शिवाय अंतर आधीच लावून ठेवले, तर कॅमेरा डोळ्याला क्षणभर लावला तरी पुरे.

आता कार्यशाळेकडे वळू. यादवी युद्ध आणि १९२१-२२ चा दुष्काळ यांनी लाखो मुले रस्त्यावर आणली होती. अशा मुलांसाठी शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको याने खार्किवजवळ १९२७ मध्ये एक श्रमवसाहत उभी केली. पैसा आणि आश्रय गुप्त पोलिसांचा होता. म्हणून नावही त्यांच्या संस्थापकाचे, फेलिक्स एद्मुन्दोविच झेर्झिन्स्की. मुले अर्धा दिवस शिकत, अर्धा दिवस कारखान्यात राबत. १९३२ पासून तेथे विजेवर चालणारे ड्रिल बनू लागले. त्याच वर्षी लायका सुटा करून तिची नक्कल करण्याचे काम सुरू झाले.

नक्कल वाटते तितकी सोपी नसते. लायकाची लेन्स, पडदा आणि तरफ यांच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब असतो. तरीही काल-परवापर्यंत रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांनी तो साधला आणि १९३४ मध्ये नियमित उत्पादन सुरू झाले. माकारेंकोच्या पद्धतीवर आक्षेप घ्यायला जागा आहे. मुलांच्या कौशल्यावर नाही. कॅमेऱ्याचे नाव ‘फेड’, म्हणजे झेर्झिन्स्कीच्या नावाची आद्याक्षरे. माथ्यावर लवकरच ‘एनकेव्हीडी’ ही अक्षरेही कोरली जाऊ लागली. छायाचित्र घेणाऱ्याच्या बोटांखाली गुप्त पोलिसांचे नाव!

मात्र ही नक्कल सिद्ध होत असतानाच भोवतालचा देश उपाशी होता. सक्तीची धान्यवसुली आणि गावे सोडण्यावरील बंदी यांमुळे युक्रेनमध्ये १९३२-३३ या काळात मेलेल्यांचा अंदाज बहुतेक अभ्यासक ३५ ते ५० लाखांच्या दरम्यान मांडतात. ही वसुली लादण्यात आणि भुकेलेल्यांना अडवण्यात तेच पोलीस पुढे होते. वसाहतीतील मुलांना जेवण देणारा हात आणि खेड्यांतून धान्य नेणारा हात एकाच यंत्रणेचे होते. या कथेतील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

जगणाऱ्यांतले काही शेतकरी भाकरीच्या आशेने खार्किवला पोहोचले आणि पदपथावरच कोसळले. तेथे आलेक्झांडर वीनरबेर्गर नावाचा ऑस्ट्रियन रसायन अभियंता नोकरीस होता. पहिल्या महायुद्धात तो युद्धकैदी म्हणून रशियात आला आणि मग तेथेच राहिला. त्याने १९३३ मध्ये लायकाने गुपचूप चित्रे घेतली. पावासाठी लागलेल्या रांगा, पदपथावर पडलेली प्रेते आणि त्यांच्या बाजूने निघून जाणारे लोक, शहराबाहेरची सामूहिक दफने. १९३४ मध्ये देश सोडताना त्याने निगेटिव्ह ऑस्ट्रियन दूतावासाच्या टपालातून बाहेर काढल्या, कारण सीमेवर सामानाची झडती अटळ होती. पुढे काही चित्रे त्याने व्हिएन्नाचे कार्डिनल इनिट्झर यांना दिली. १९३५ मध्ये एवाल्ड आमेन्डे यांच्या पुस्तकात अनेक छापून आली.

दुष्काळ नाहीच, असे मॉस्को सांगत होते. त्यात भर म्हणून १९३५ मध्ये अमेरिकेतील हर्स्ट वृत्तपत्रांनी ‘थॉमस वॉकर’ या नावाखाली छापलेल्या युक्रेनच्या चित्रांत १९२१-२२ च्या दुष्काळातली जुनी चित्रे मिसळलेली निघाली. परिणामी खऱ्या चित्रांवरही पुढे कित्येक दशके संशय राहिला. म्हणूनच वीनरबेर्गरच्या चित्रांचे मोल मोठे आहे: ती कोणी, कोठे, कोणत्या वर्षी घेतली हे सांगता येते. त्याच्या १९३९ च्या आठवणींवर मात्र नाझी काळाची ज्यूद्वेषी छाया आहे. चित्रे आणि त्यांचा कर्ता यांना वेगवेगळे तोलावे लागते.

१९४१ मध्ये जर्मन सैन्य खार्किवला पोहोचण्याआधी कारखाना सैबेरियातील बेर्द्स्क येथे हलवला गेला. युद्धानंतर ‘फेड’ पुन्हा बनू लागला. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कने त्याचाच भाऊ ‘झोर्की’ काढला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर असंख्य फेड आणि झोर्की घासूनपुसून, वर लायकाचे नाव आणि कधी नाझी चिन्हही कोरून संग्राहकांना विकले गेले. असा कॅमेरा हाती आला, तर लेन्स काढून आत डोकवावे. रेंजफाइंडरच्या तरफेच्या टोकाशी गोल फिरती चकती असेल तर लायका संभवते. पाचरीसारखा टोकदार तुकडा असेल, तर ते यंत्र वेट्झलारचे नव्हे.