इशारा छापायचा कुठे?

अँटॉप हिलला या सभागृहाकडे येताना वाटेत पानाच्या टपऱ्या लागल्या आणि आम्हाला आमची विशी आठवली. तेव्हा टपरीला काथ्याची जळती दोरी लोंबत असे. सुटी सिगारेट घ्यायची, दोरीवर पेटवायची, की निघालो.

१९७५ साली संसदेने कायदा केला. सिगारेट आरोग्याला घातक आहे, अशी ओळ पाकिटावर सक्तीची झाली. आम्ही ती वाचली का? क्वचितच. पाकीट टपरीवाल्याकडे, आमच्या हातात नुसती सिगारेट! शिवाय विडी आणि खायची तंबाखू त्या कायद्यात नव्हतीच. ती आली २००३च्या कायद्यात.

पुढे ३१ मे २००९पासून शब्दांच्या जोडीला चित्रं आली. १ एप्रिल २०१६पासून पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत सिगारेट ओढणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्के, तर विडी ओढणाऱ्यांपैकी ५४ टक्के लोकांनी सांगितलं, की इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आला. आता विचार येणं म्हणजे सवय सुटणं नव्हे, हे खरं. पण विचार यायला आधी इशारा दिसावा लागतो. महाराष्ट्राने २०२०मध्ये सुट्या सिगारेटची आणि विडीची विक्री बंद केली, त्यामागे हेच कारण होतं.

आता ई-सिगारेटकडे या. अमेरिकेत २०१८पासून तिच्या वेष्टनाच्या दर्शनी बाजूंवर ३० टक्के जागेत सांगावं लागतं, की यात निकोटिन आहे आणि त्याचं व्यसन लागतं. आपण वेगळी वाट धरली. सप्टेंबर २०१९मध्ये वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा करून तिचं उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात, सगळंच बंद केलं.

बंदीला आमचा विरोध नाही. पण तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला इथे एक पेच दिसतो. जी वस्तू कायद्याने बाजारात नाहीच, तिच्यावर कायदा इशारा तरी कुठे छापणार? वस्तू मात्र चोरवाटेने येते. एका तरुणाने आम्हाला ती दाखवली. पेनासारखी, आंब्याच्या वासाची. म्हणाला, "सर, यावर कवटी नाही, काही नाही. नुसती वाफ आहे."

बघा, आपण मुलांना शिकवलं, की धोका असेल तिथे चित्र असतं. त्यांनी त्याचा उलटा अर्थ काढला: चित्र नाही, म्हणजे धोका नाही. आणि मेंदूची वाढ तर साधारण पंचविशीपर्यंत चालू असते, त्याच वयात निकोटिनची पकड लवकर बसते.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की बंदी घातली तरी सांगण्याची जबाबदारी संपत नाही. पाकिटावर जागा नसेल तर ते घरात आणि वर्गात बोलावं लागेल. आणि दरडावून नव्हे बरं का. दरडावणं आम्हीही विशीत ऐकलं नव्हतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.