लढाई किती वेळ चालली? पण कोणत्या घड्याळात?

पेट आणि नेटचा अभ्यास करणाऱ्या बऱ्याच जणांनी विचारलंय, "संशोधनाचा प्रश्न नेमका कसा मांडायचा?" व्याख्या सांगण्यापेक्षा माझी एक चूक सांगते. विषय माझ्या पीएचडीचा नाही, खेळाचा आहे.

आम्ही काही मित्रमैत्रिणी रविवारी करावे गावातल्या आमच्या घरी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. एक जण सूत्रधार, बाकीचे योद्धा, जादूगार वगैरे. हातात फासे, समोर काल्पनिक राक्षस. मार्चमध्ये सूत्रधार मी होते. एका लढाईला पावणेतीन तास लागले. माझा मावसभाऊ पहिल्यांदाच आला होता. त्याची पाळी येईपर्यंत तो सोफ्यावर झोपला. पुढच्या रविवारी तो आलाच नाही.

हे मनाला लागलं, म्हणून मी या खेळाच्या लढाईचा इतिहास वाचायला घेतला. विभागात दर शुक्रवारी हलक्याफुलक्या विषयावर बोलायची संधी असते. तिथे मी ठासून सांगितलं, "१९७९च्या नियमपुस्तकात लढाईची एक फेरी एक मिनिटाची होती. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत ती सहा सेकंदांची झाली. म्हणजे लढाई दहापट वेगवान झाली."

मॅडमनी एकच विचारलं, "कोणत्या घड्याळात?"

मी गप्प. कारण इथे तीन घड्याळं आहेत. एक कथेतलं : पात्रांसाठी किती वेळ गेला. दुसरं फेऱ्यांचं : निकाल लागायला किती फेऱ्या लागल्या. तिसरं आपल्या भिंतीवरचं. सहा सेकंदांची फेरी पहिलं घड्याळ बदलते. माझा भाऊ झोपला तो तिसऱ्या घड्याळामुळे.

मग पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. हा खेळ युद्धखेळांतून आला. प्रशियात राइसविट्झ यांच्या १८२४च्या 'क्रीगश्पील'मध्ये एक पाळी म्हणजे दोन मिनिटं, आणि निवाडा करायला पंच. पंच म्हणजे आपल्या सूत्रधाराचा पूर्वजच. १९७१मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं 'चेनमेल' आलं. त्यात एक 'वीर' चार माणसांच्या बरोबरीचा. त्याला मारायला एकाच पाळीत चार घाव बसायला हवेत. तीनच बसले तर पुढच्या पाळीत हिशोब पुन्हा शून्यापासून. १९७४मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला, त्यात हिट पॉइंट आले. आता घाव साठत जातात. माणूस हळूहळू खचतो, आणि पळायचं की लढायचं हे ठरवायला खेळाडूला वेळ मिळतो. तणाव इथून येतो.

आता दुसऱ्या घड्याळाचं गणित करू. १९७४च्या मूळ नियमांत जवळजवळ प्रत्येक घावाचं नुकसान एका सहा बाजूंच्या फाशाचं, सरासरी ३.५. त्यातल्या ओगर राक्षसाचे सरासरी हिट पॉइंट १५. म्हणजे चार-पाच घाव. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत ओगरचे हिट पॉइंट ५९. नवख्या योद्ध्याच्या लांब तलवारीचा घाव साधारण ७.५. म्हणजे आठ घाव. फेरी कागदावर दहापट छोटी झाली, घाव मात्र जवळपास दुप्पट लागायला लागले. माझं विधान उलटंच पडलं.

पण खरा बदल आणखी खोल आहे. १९७४मध्ये अनुभवाचे गुण मुख्यतः खजिन्याचे मिळत, सोन्याच्या एका नाण्याला एक गुण. वर दर दहा मिनिटांच्या पाळीला फासा टाकायचा. सहा पडले तर भटका राक्षस हजर. तासात सहा पाळ्या, म्हणजे तासाभरात निदान एक गाठ पडायची शक्यता सुमारे ६७ टक्के. त्यामुळे शहाणा खेळाडू लढाई टाळायचा. आव्हान होतं ते लढावं की नाही हे ओळखण्याचं. २०००मध्ये 'चॅलेंज रेटिंग' आलं. चौघांच्या गटाच्या पातळीइतका राक्षस त्यांची सुमारे २० टक्के साधनसंपत्ती खर्ची घालेल, असा अंदाज. २०१४मध्ये दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया धरल्या. म्हणजे आव्हान आता लढाईच्या आत आलं, आणि तेही आधी मोजून.

हे फक्त परदेशी खेळातच घडतं असं समजू नका. आपली कबड्डी बघा. जुन्या प्रकारांत 'गामिनी'त बाद झालेला अख्खा संघ संपेपर्यंत बाहेर. 'संजीवनी'त समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत. 'अमर'मध्ये बाद झाला तरी खेळाडू मैदानातच, फक्त गुण मोजायचा. 'मेल्यावर किती वेळ बसायचं' या एकाच प्रश्नाची ही तीन उत्तरं. आणि २०१४मध्ये प्रो कबड्डी आली, त्यात दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'ची. प्रेक्षकाच्या घड्याळासाठीचा नियम!

यातून तुमच्यासाठी तीन गोष्टी. पहिली, 'वेग', 'कठीण', 'परिणामकारक' असे शब्द प्रश्नात आले की एकक विचारा. दुसरी, नियमपुस्तक हा दस्तऐवज आहे, पण तो लिहिणाऱ्याला काय हवं होतं ते सांगतो. टेबलावर लोक काय खेळले, हे त्यातून कळत नाही. माझ्या ओगरच्या गणितातही घाव चुकण्याचा हिशोब नाही, हे लक्षात ठेवा. तिसरी, कोणी "कोणत्या घड्याळात?" विचारलं तर बचाव करू नका, वहीत लिहून घ्या. मुलाखतीत हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो.

गेल्या रविवारी मी जुना धैर्याचा नियम परत आणला. निम्मे राक्षस पडले की फासा टाकायचा, बाकीचे पळतील का ते बघायचं. ते पळाले. लढाई भिंतीवरच्या घड्याळात चाळीस मिनिटांत संपली.

भावाला फोन केलाय. "बघतो," म्हणाला.