चुकलेल्या गोळीचा हिशेब

एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात. मागच्या वेळी किती दिल्या, मध्ये किती दिवस गेले आणि किती उरल्या, याचा ताळा जुळवून आकडा केंद्रातल्या व्हाइट कार्डावर लिहिला जातो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातल्या एचआयव्हीबाधिताला आयुष्यभर हा हिशेब द्यावा लागतो. गोळ्या मोजण्याची ही रीत मात्र एचआयव्हीहून जुनी आहे. तिचा एक धागा आपल्याच विदर्भातून जातो.

१९४९ साली वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन सुरू केले, त्या सुमारास कुष्ठरोगावर डॅप्सोन हे औषध नवे होते. स्वस्त आणि गुणकारी, पण वर्षानुवर्षे घ्यायचे. कित्येकांना तर जन्मभर. चट्टा फिका पडला की माणसाला बरे वाटायचे आणि गोळी सुटायची. एकच औषध आणि तेही तुटक, यातून जंतू निर्ढावत गेले. डॅप्सोनला दाद न देणारा कुष्ठरोग १९६४ मध्ये मलेशियात सिद्ध झाला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकाऐवजी अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. भारतात हा बहुऔषधोपचार ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी पोचला, त्यांत आपला शेजारी वर्धा होता. पुढे त्याचे २८ दिवसांचे पाकीट आले. महिन्याचा मोठा डोस कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा, बाकीच्या गोळ्या घरी. कोणत्या दिवसाची गोळी राहिली, हे रिकाम्या न झालेल्या खणावरून कुणालाही कळे.

क्षयरोगाने दुसरा धडा दिला. १९५६ मध्ये मद्रासला डॉ. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि काहींना गरीब वस्तीतल्या त्यांच्या घरीच औषधे दिली. अचानक घरी जाऊन गोळ्या मोजल्या, लघवी तपासून औषध पोटात गेले का ते पाहिले. वर्षभराने घरचे रुग्ण जवळपास सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे झाले होते. मात्र अनेक जण गोळ्या चुकवतात, हेही त्याच कामातून पुढे आले. डोळ्यांदेखत गोळी देण्याच्या ‘डॉट्स’ पद्धतीची बीजे इथलीच. क्षयाची ती औषधे ठराविक काळाने थांबत; एचआयव्हीची थांबत नाहीत.

एचआयव्हीवरचे पहिले औषध, एझेडटी, १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते दर चार तासांनी घ्यायचे, रात्री उठूनसुद्धा. १९९६ मध्ये तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने मरणाच्या दारातली माणसे उठून बसली, पण रोज मूठभर गोळ्या आल्या. त्यांतले इंडिनाविर दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी, भरपूर पाण्यासोबत घ्यायचे. २००० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात बाटलीच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र बसवले गेले. ९५ टक्के किंवा जास्त डोस घेणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्के लोकांत उपचार फसला. ८० टक्क्यांहून कमी घेणाऱ्यांत तो ८० टक्के लोकांत फसला. समुपदेशकांच्या तोंडी असलेला ‘पंचाण्णव टक्के’ हा आकडा तिथून आला. दिवसाला दोन गोळ्या असतील, तर महिन्याच्या साठांत तीनहून जास्त चुकायला नकोत, असा त्याचा अर्थ.

या आकड्याचा गैरवापरही झाला. २००१ मध्ये अमेरिकेच्या मदतसंस्थेचे प्रमुख अँड्र्यू नॅटसियोस यांनी आफ्रिकेत ही औषधे देण्याविरुद्ध बोलताना म्हटले की तिथल्या अनेकांना पाश्चात्त्य वेळ ठाऊक नाही. त्याच वर्षी सिप्ला या औषध कंपनीचे युसूफ हमीद यांनी तिन्ही औषधे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. औषध आफ्रिकेत पोचले आणि २००६ मध्ये अनेक अभ्यासांची गोळाबेरीज आली: नियमित औषध घेणारे उत्तर अमेरिकेत ५५ टक्के, सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत ७७ टक्के. जंगलातल्या, कमी शिकलेल्या माणसाला गोळी सांभाळता येणार नाही, असे म्हणणाऱ्यांना हे कायमचे उत्तर आहे.

भारतात १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी सुरू झाली. पहिल्या आठ रुग्णालयांत महाराष्ट्रातले, मुंबईचे जेजे रुग्णालय होते, मूलपासून शेकडो किलोमीटर दूर. पुढे केंद्रे जिल्ह्यांपर्यंत आली आणि त्यांच्याशी जोडलेली लिंक एआरटी केंद्रे त्याहूनही जवळ. गोळ्याही बदलल्या. सुरुवातीच्या स्टॅव्हुडिनने पायांना मुंग्या येत आणि गाल बसत. चेहऱ्यावरून गाव ओळखेल, या भीतीने माणसे औषध सोडत. मग रात्री घ्यायची एकच गोळी आली, पण तिच्यातल्या इफाव्हिरेन्झने गरगरायचे. धान राखायला जागलीला जाणाऱ्याची त्याने पंचाईत व्हायची. आता डोल्युटेग्राविर असलेली रोजची एक गोळी आहे. विषाणूला तिच्याविरुद्ध निर्ढावणे जुन्या गोळ्यांपेक्षा पुष्कळ अवघड जाते. म्हणून ती चुकवली तरी चालते, असे नाही.

या सगळ्या वाटचालीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. गोळ्या चुकणे कमी झाले ते औषध सोपे, स्वस्त आणि जवळ झाले तेव्हा. रुग्णाला रागावून ते कुठेच साधले नाही.

आमच्या भागात आज गोळी चुकते, तीही अशाच कारणांनी. रोवणीच्या दिवसांत मजुरी सोडून चंद्रपूरच्या केंद्रात जाणे परवडत नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेच जंगलात जावे लागते. मिरची तोडायला कुटुंबे तेलंगणात जातात आणि टोळीसोबत एकाच झोपडीत राहताना बाटली लपवावी लागते. कधी औषधच कमी पडते: २०२२ मध्ये तुटवड्याची तक्रार घेऊन बाधितांनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यालयाबाहेर कित्येक आठवडे धरणे दिले होते. यांतले एकही कारण व्हाइट कार्डावरच्या टक्केवारीत दिसत नाही. म्हणून केंद्राने ‘किती चुकल्या?’ विचारताना ‘का चुकल्या?’ हेही लिहून घ्यावे आणि हंगामाआधी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. २०२० च्या टाळेबंदीत तसे करता आले, तर मिरचीच्या हंगामात का येऊ नये?

आणि जे गोळ्या घेत आहेत त्यांना एवढेच सांगणे: गोळी राहिली तर आठवताच घ्या. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल, तर दोन एकदम घेऊ नका. गावाला जायचे असेल, तर आधी केंद्रात सांगा. बरेच दिवस खंड पडला असला तरी लाजेने घरी बसू नका, परत जा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तुमची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. गोळ्या नियमित घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. रोजच्या एका गोळीने इतके साधते, म्हणून ती चुकू नये यासाठी रुग्णाइतकीच धडपड सरकारने आणि गावानेही करायला हवी.