भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाताय? नाववाल्याला 'उडवा' म्हणण्याआधी हे वाचा

जानेवारी उजाडला की एक रील हमखास समोर येते. उथळ पाण्यातून शेकडो फ्लेमिंगो एकदम उडतात, मागे सूर्य, खाली लोकेशन भिगवण. कमेंटमध्ये एकच प्रश्न, 'कसं जायचं?' ते सांगतोच. पण तो थवा उडाला का, हेही एकदा बघू.

आधी जागा

पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण १०० किलोमीटरवर भिगवण. भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी इथपर्यंत पसरतं. कुंभारगाव आणि डिकसळला गावातलेच मासेमार नावेतून पक्षी दाखवतात.

मग डिसेंबरमध्ये फ्लेमिंगो का नाही दिसले?

कारण तेव्हा पाणी खोल असतं. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, चालत चालत खातो. डोकं उलटं करून चोच चिखलात घालायची आणि चोचीतल्या जाळीतून बारीक जीव, शेवाळ गाळून घ्यायचं. पावसाळ्यात भरलेलं धरण पुढे सिंचनासाठी उतरत जातं, काठाचा चिखल उघडा पडतो, तेव्हा त्याचं ताट वाढलं जातं. म्हणून जानेवारी ते मार्च हा भरवशाचा काळ. पाऊस लांबला तर आणखी उशीर. त्याआधी गेलात तरी चक्रवाक, थापट्या, कुरव भेटतात, आणि नशीब असेल तर हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब. माझ्या मते तेच जास्त भारी, पण रील त्यांची बनत नाही.

उडवलं तर बिघडतं काय?

फ्लेमिंगो जागच्या जागी उडत नाही. जड शरीर, लांब पाय. आधी पाण्यावर धावावं लागतं. प्रत्येक उड्डाणात ताकद जाते आणि तेवढा वेळ खाणं बंद. तुमच्यासाठी एकदाच, पण रविवारी तुमच्या मागून आणखी किती नावा येतात ते मोजा. नावाड्याला दोष देणं सोपं आहे. मागणी मात्र नावेत बसलेल्यांची असते: 'दादा, जरा जवळ घ्या ना, उडू देत.' मीही पहिल्या वेळी हेच म्हटलं होतं.

किती जवळ जायचं?

अंतर पक्षीच सांगतात. डोकी पाण्यात आहेत तोवर ठीक. सगळ्या माना एकदम वर आल्या आणि थवा एका दिशेने चालायला लागला की तुम्ही जास्त जवळ आलात. तिथे इंजिन बंद, बांबूने नाव मागे घ्यायची. हे निघण्याआधीच ठरवा: 'उडवायचं नाही, वेळ लागला तरी चालेल.'

फोटो

सूर्य पाठीशी येईल असं नावाड्याला सांगा. नाव हलते, त्यामुळे शटर १/१००० च्या खाली नको, उडताना १/२०००. पांढरी पिसं उन्हात फुटतात, म्हणून एक्सपोजर थोडं खाली. लेन्स ४०० मिमी असेल तर उत्तम. फक्त फोन असेल तर झूमचा नाद सोडा, दुर्बिणीला फोन लावून बघा. सवयीने जमतं.

आणि उडतानाचा शॉट? थांबा. वरून एखादा शिकारी पक्षी गेला की थवा आपणहून उठतो. सकाळच्या दोन तासांत माझ्यासमोर एकदाच झालं. तेव्हा मी कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होते.