सवाई, दिढी आणि दुप्पट बियाणे

पेरणीच्या तोंडावर घरात बी नसणे, यासारखी महागात पडणारी अडचण जुन्या नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला दुसरी नव्हती. वाफसा गेला की हंगाम हुकणार, म्हणून सावकार घालील ती अट मान्य करून धान्य उचलावे लागे. मणाला सव्वा मण फेडायचे ती सवाई, दीड मण फेडायचे ती दिढी. सुगीत खळ्यावरच माप घातले जाई. पावसाने दगा दिला तर वाढीवर पुन्हा वाढ चढे.

या कर्जाचा संताप इथे दोनदा उसळला. १८४०च्या दशकात अकोले तालुक्यातल्या देवगावच्या राघोजी भांगरे यांनी डोंगरातल्या महादेव कोळ्यांना सोबत घेऊन सावकार आणि इंग्रज सरकार यांच्याविरुद्ध बंड केले. १८४८ मध्ये त्यांना ठाण्याला फाशी देण्यात आली. पुढे मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा पेटला आणि त्याचे लोण पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत आले. लोकांनी सावकारांकडचे कर्जरोखे हिसकावून जाळले. सरकारने १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. त्यामुळे जुन्या कर्जाचा हिशेब न्यायालयात तपासता येऊ लागला, पण पुढच्या पेरणीला बी कोण देणार हा प्रश्न तसाच उरला.

त्याचे एक उत्तर शंभर वर्षांनी पारनेर तालुक्यातच मिळाले. १९८० मध्ये राळेगणसिद्धीच्या मंदिरात अण्णा हजारे यांनी धान्य बँक सुरू केली. ज्याच्याकडे जास्त पिकले त्याने बँकेत धान्य घालायचे, ज्याला कमी पडले त्याने न्यायचे आणि पीक आल्यावर थोडे वाढवून परत करायचे. वाढ इथेही होती, पण ती गावाच्याच कोठारात पडत होती आणि पुढच्या गरजूच्या कामी येत होती. घेणाऱ्याला याचक व्हावे लागत नव्हते.

दुसरे उत्तर राघोजींच्या अकोल्यातून आले. कळसूबाईच्या या मुलखात भात, नागली, वरई, खुरासणी ही पिके. राब भाजायचा, रोपे लावायची आणि पुढच्या वर्षाचे बी राखेत घोळून मडक्यात भरून ठेवायचे, ही घरातल्या बायकांची विद्या. संकरित वाणांनी उत्पादन वाढवले, पण त्यांचे बी दरवर्षी विकतच आणावे लागते. त्यामागून खते आणि औषधांचा खर्च आला, आणि बी राखण्याची सवय घराघरांतून सुटत गेली.

कोंभाळण्याच्या राहीबाई सोमा पोपेरे यांनी ती सोडली नाही. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. फवारलेला भाजीपाला खाऊन घरची मुले आजारी पडतात, या काळजीतून त्यांनी गावरान वाण जमवायला सुरुवात केली. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उभ्या केलेल्या ‘बाएफ’ संस्थेची त्यांना साथ मिळाली. भात, वाल, घेवडे, भाज्या मिळून शंभराहून अधिक वाण त्यांनी राखले. हे बी शेणखतावर वाढते, कमी पाण्यात तग धरते आणि पुन्हा पेरले तरी उगवते.

त्यांच्या बियाणे बँकेची रीत साधी: बी घेऊन जा, पीक आल्यावर दुप्पट आणून दे. मूठभर वालाच्या वेलाला पायलीभर शेंगा लागतात, त्यामुळे दुप्पट देणे कोणाला जड जात नाही. एक वाटा मूळ मडक्यात जातो, दुसरा नव्या शेतकऱ्याकडे. दिढीने शेतकरी नागवला जात होता. या दुपटीने वाण गावोगाव पोचतो.

२०१८च्या नारीशक्ती पुरस्काराने आणि २०२०च्या ‘पद्मश्री’ने हे काम देशभर पोचवले. २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा हक्क दिलेलाच आहे. आता तो पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या कोरडवाहू रानांत वापरला गेला पाहिजे. तिथल्या गावरान ज्वारी, बाजरी आणि हुलग्याचे बी राखणारे वडीलधारे अजून हयात आहेत. बचत गटांनी आणि ग्रामपंचायतींनी येत्या सुगीतच त्यांच्याकडून ते मागून घ्यावे.