पाकिटावर लिहिलेलं 'बीड'

नाण्यांच्या एका प्रदर्शनात विक्रेत्यानं माझ्या तळहातावर नखाएवढं चांदीचं नाणं ठेवलं आणि म्हणाला, "ग्रीक आहे, सिकंदराच्या काळातलं." मी बीडचा, हे बोलण्याच्या ओघात आधीच सांगून झालं होतं. त्यामुळे पुढचं वाक्य आलं, "तुमच्याकडचंच आहे साहेब, बीड बाजूला सापडलेलं." मी नाणं घेतलं आणि घरी येऊन पाकिटावर लिहिलं : ग्रीक, चांदी, बीड. या तीन शब्दांपैकी खरे किती, हे कळायला दोन वर्षं गेली.

सुरुवात वजनापासून केली. सिकंदराचं ड्राखमा नाणं सुमारे 4.3 ग्रॅमचं असतं. माझं भरलं 2.1 ग्रॅम. सिकंदर तिथेच बाद झाला. भारताच्या वायव्येला राज्य करणाऱ्या ग्रीक राजांनी मात्र हलकी, अडीच ग्रॅमच्या आसपासची नाणी पाडली. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथातला मिलिंद म्हणजे मिनँडर हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला राजाचा मुखवटा आणि ग्रीक अक्षरं असतात, तर दुसऱ्या बाजूला बहुतेकदा अथीना देवी आणि खरोष्ठी लिपीतला प्राकृत मजकूर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला 'पेरिप्लस'चा लेखक सांगतो, की अपोलोडोटस आणि मिनँडर यांची जुनी नाणी त्याच्या काळातही भडोच बंदरात चालत होती. राजे जाऊन शतक उलटलं, तरी चेहऱ्याचं नाणं म्हणजे खरं नाणं, ही सवय बाजारात उरली होती.

माझ्या नाण्यावरही उजवीकडे पाहणारा चेहरा होता. कडेला ग्रीक अक्षरं होती. मी ती एकेक करून जुळवली, पण शब्द ग्रीक निघेनात. मग उलगडा झाला : लिपी ग्रीक, भाषा प्राकृत. आपण मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी लिहितो, तसाच प्रकार. 'राजा क्षहरात नहपानाचं' एवढाच मजकूर. पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या नहपान या शक क्षत्रपाचं हे नाणं. त्याच्या मागच्या बाजूला बाण आणि वज्र असतं आणि हाच मजकूर ब्राह्मी व खरोष्ठीत असतो. एका नाण्यावर तीन लिप्या. पुढच्या क्षत्रपांच्या काळात ही ग्रीक अक्षरं नकलेची नक्कल होत नुसती नक्षी बनली. तिथे नाणं ओळखायचं ते ब्राह्मी मजकुरातल्या बापलेकांच्या नावांवरून आणि चेहऱ्यामागे कोरलेल्या शक वर्षावरून.

तरी एक गोष्ट जुळत नव्हती. चेहऱ्याच्या गालावर तीन कमानींची टेकडी उमटली होती. मागे बाण-वज्राच्या जागी अधिकाच्या चार टोकांना चार वर्तुळं, म्हणजे ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात ते. आधी वाटलं, नाणं खोटं असावं. भिंगाखाली कड तपासली. ओतीव नाण्यावर दिसणारी सांध्याची रेघ किंवा बुडबुड्यांचे खड्डे नव्हते. तिरपा उजेड टाकून नाणं फिरवत राहिलो, तेव्हा वर्तुळांच्या खालून बाणाचं टोक दिसलं. नाणं एकच होतं, ठसे दोन राजांचे.

दुसरा राजा गौतमीपुत्र सातकर्णी. 1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात सुमारे 13,250 नाणी होती, सगळी नहपानाची. त्यांपैकी 9,000हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारला होता. नहपानाचा पराभव केल्यावर त्यानं शत्रूची चांदी वितळवली नाही. त्याच नाण्यांवर आपली चिन्हं उमटवली आणि ती चलनात ठेवली.

म्हणजे 'चांदी' खरं, 'ग्रीक' अर्धवट. राहिलं 'बीड'.

खरं सांगायचं, तर मला तेच हवं होतं. 'पेरिप्लस'मध्ये दख्खनच्या दोन बाजारपेठा येतात : पैठण आणि तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिथलं कापड आणि पैठणचे अकीक गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात. नकाशावर पैठण ते तेर सरळ रेघ ओढली, तर ती बीड शहराच्या अगदी जवळून जाते. नहपानाचं नाणं इथे सापडलं असेल, तर त्या वाटेवर फिरणाऱ्या पैशाचा तो लहानसा पुरावा. नसेल, तर त्या हजारोंपैकीच आणखी एक.

मी विक्रेत्याला फोन केला. गाव कोणतं? शेत कुणाचं? सोबत आणखी काय होतं? तो हसला. "साहेब, नाशिकवाले आले असते तर मी नाशिक म्हटलं असतं."

राग आला, पण त्याच्यापेक्षा स्वतःचा जास्त. भिंग, काटा, ब्राह्मीचा तक्ता, सगळं वापरून मी राजा शोधला. गावाचं नाव मात्र न तपासता लिहून टाकलं, कारण ते माझं होतं. पुढे कुणी ते पाकीट पुरावा म्हणून वापरलं असतं, तर खोट्या इतिहासाचा पहिला ठसा माझा असता. ठसे दोन असले तर खालचा वाचता येतो. जागा एकदा हरवली की कोणत्याही भिंगातून दिसत नाही.

आता गावाकडे कुणी नांगराला लागलेलं नाणं दाखवलं, की मी आधी कोणाचं हे विचारत नाही, कुठे हे विचारतो. घासू नका, सोनाराकडे नेऊ नका, जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, असंही सांगतो. 1878चा निधी कायदा दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या गुप्तधनालाही लागू आहे. सगळेच ऐकतात असं नाही.

माझं पाकीट मी बदललं. नव्यावर लिहिलंय : नहपान, गौतमीपुत्र सातकर्णीनं पुन्हा ठसा मारलेलं. चांदी, 2.1 ग्रॅम. सापडल्याचं ठिकाण : माहीत नाही.