गलीना नगराचे वास्तुवैभव

गलीना : अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या वायव्य कोपऱ्यातील, जो डेव्हिस परगण्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या सु. ३,३००. शिशाच्या खनिजावरून गावाला हे नाव पडले आणि गावातली श्रीमंतीही त्याच खनिजाची. १८२० च्या दशकापासून खाणी भरभराटीला आल्या. मिसिसिपीतून येणाऱ्या आगबोटी गलीना नदीने थेट गावाच्या धक्क्याला लागत.

पुढे शिसे वितळवण्यासाठी टेकड्यांवरची झाडे तोडली गेली. उघड्या उतारांवरची माती नदीत येऊन पात्र उथळ झाले, त्यात रेल्वेने बोटींचा व्यापार पळवला. जुने पाडून नवे बांधायला लागतो तो पैसा मग गावात उरलाच नाही. आज गावातील सु. ८५ टक्के इमारती संरक्षित ऐतिहासिक विभागात मोडतात. त्याचे श्रेय जपणुकीच्या दूरदृष्टीआधी या मंदीला द्यावे लागते.

मेन स्ट्रीट नदीच्या वळणाने वळत जाते. दोन्ही बाजूंना तीन-चार मजली विटांच्या पेढ्या भिंतीला भिंत लावून उभ्या आहेत. १८५० च्या दशकातील आगींनी लाकडी बांधकाम टाळण्याचा धडा शिकवला होता. मागच्या चढावर घरे. वरच्या आळीत जायला दगडी-काँक्रीटच्या लांबच लांब पायऱ्या. चुनखडकाचे डाउलिंग हाउस (१८२६) खाणकाळातले. खाली दुकान, वर बिऱ्हाड. ओल्ड मार्केट हाउस (१८४५-४६) ग्रीक धाटणीचे असले तरी त्याचा तोरा बेताचाच: तळमजल्यावर भाजी-मांसाचा बाजार, माडीवर नगरसभा आणि तळघरात कोठडी. डिसोटो हाउस हॉटेल १८५५ मध्ये पाच मजल्यांचे उघडले. उतरत्या काळात त्याचे वरचे दोन मजले उतरवावे लागले.

पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट १८६० मध्ये वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करायला येथे आले. यादवी युद्ध जिंकून १८६५ मध्ये परतल्यावर गावातील धनिकांनी त्यांना सजवलेले घर भेट दिले. इटालियन धाटणीचे हे विटांचे घर १८६० चे. उतार कमी असलेले छप्पर, रुंद वळचण आणि तिच्याखाली कोरीव लाकडी टेकू ही त्याची ओळख. ग्रँट तेथे फारसे राहिले नाहीत, पण पर्यटक मात्र ते घर पाहायला येतात. ग्रँटच्या मुलांनी १९०४ मध्ये ते नगराला दिले.

१९६९ मध्ये गावाचा ऐतिहासिक विभाग ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आला. गाळाने उथळ झालेली नदी पुराच्या वेळी मात्र बाजारात शिरे. म्हणून १९५१ मध्ये तटबंध घालून मेन स्ट्रीटच्या तोंडाशी हिरवे पोलादी पूरदरवाजे बसवण्यात आले.